प्रकाशाची मोजदाद

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात उमापूर येथे दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी वक्त्याने स्वतः लिहून दिले.)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर एक व्याख्यान व्हावे, अशी आपल्या संमेलनाची जुनी प्रथा आहे. यंदा कार्यकारी मंडळाने हे काम माझ्यावर सोपविले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविला. कोणा मोठ्या विद्वानाचे विचार ऐकावयास मिळतील या आशेने जे आले असतील, त्यांची मी आरंभीच क्षमा मागतो. विषय मात्र माझा मीच निवडला आहे, आणि तो ऐकून आपले चिटणीस काहीसे चकित झाले, हेही सांगून टाकतो. आकाशातील अतिशय मंद प्रकाश मोजण्याचे जे एक साधन गेल्या अर्धशतकात शास्त्रज्ञांच्या हाती आले, त्या सी.सी.डी. नावाच्या सिलिकॉनच्या चिपविषयी मी आज बोलणार आहे.

हा विषय सुचण्यास एक घरगुती कारण घडले. गेल्या वर्षी या सभागृहापुढील मैदानात उंच खांबावरचा मोठा दिवा उभा राहिला. त्याचा ठराव आला तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. ऊसतोडीहून परतणारी आपली माणसे लेकराबाळांसह अपरात्री या मैदानात उतरतात. तेथे उजेड हवा, याविषयी दुमत असण्याचे कारण नव्हते. परंतु दिवाळीत माझी नात सुट्टीस आली. लहान असताना तिला मी आमच्या माळवदावरून देवयानी तारकासमूहातील एक धुरकट ठिपका दाखविला होता. ती देवयानी दीर्घिका. तेथून निघालेल्या प्रकाशाला आपल्यापर्यंत येण्यास सुमारे पंचवीस लक्ष वर्षे लागतात. यंदा पोरीने पुष्कळ शोधले, पण ठिपका दिसेना. ती म्हणाली, “आजोबा, ती गेली कुठे?” मी निरुत्तर झालो. पंचवीस लक्ष वर्षे चालून आलेला तो प्रकाश उमापुरापर्यंत सुखरूप पोहोचला आणि आपल्या मैदानावर येऊन हरला; त्याला हरविणाऱ्यांत माझाही हात होता. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, “इतका मंद प्रकाश शास्त्रज्ञ तरी कसा पाहतात?” त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी जे वाचले आणि जाणत्यांना विचारून समजून घेतले, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

मानवी डोळा हे मोठे नवलाचे इंद्रिय आहे, परंतु त्यात एक उणीव आहे. त्याला प्रकाश साठविता येत नाही. एखाद्या मंद ताऱ्याकडे आपण क्षणभर पाहिले काय आणि तासभर पाहिले काय, दिसावयाचे तेवढेच दिसते. छायाचित्रणाची काच आली तेव्हा ही उणीव प्रथमच भरून निघाली. चांदीच्या क्षारांचा लेप दिलेली काचेची पट्टी दुर्बिणीच्या मुखाशी ठेवून तासभर उघडी ठेवावी, म्हणजे थेंबे थेंबे तळे साचे या न्यायाने प्रकाश तीवर साचत जातो, आणि डोळ्याला न दिसणारे तारे तीवर उमटतात.

या विद्येशी आपल्या भागाचा संबंध जुना आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली होती. तिचे चालक प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे येऊन उतरले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे लोकही त्याच गावी आले होते. सुमारे दोन मिनिटांच्या त्या काळोखात सूर्याचे प्रभामंडल काचांवर उतरवून घेण्यासाठी सातासमुद्रापलीकडून माणसे करमाळ्याच्या माळावर आली, ही गोष्ट आपल्या शाळांतून कोणी सांगत नाही. नायगमवालांची ती वेधशाळा १९१२ साली बंद झाली आणि तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

दुसरी गोष्ट तर आपल्या अगदी घरची आहे. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हे आता तरुणांना सांगावे लागते. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेस, नवाब जफरजंग नावाच्या एका हौशी सरदाराने १९०१ साली स्वखर्चाने वेधशाळा काढली. तो वारल्यानंतर १९०८ साली सरकारने ती आपल्याकडे घेतली, आणि पुढे तीच निजामिया वेधशाळा म्हणून प्रसिद्ध झाली. सर्व आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा व सूची करण्याचा एक संकल्प १८८७ साली पॅरिस येथे झाला होता; निरनिराळ्या देशांच्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले होते. चिली देशातील सांतियागो वेधशाळेकडील दक्षिणेचा एक पट्टा तिच्याकडून पार पडेना, तेव्हा तो हैदराबादेने पत्करला. आणि तो पुरा झाल्यावर उत्तरेकडील आणखी एक पट्टा घेतला. १९१४ पासून जवळजवळ पाव शतक हे काम चालले. काचेवर एकेक तारा सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्याची जागा मोजावयाची आणि वहीत लिहावयाची, असे लाखांच्या संख्येने तारे मोजले गेले. आपल्या आजा-पणजांनी भरलेल्या शेतसाऱ्यातील एखादा रुपया त्या काचांवरही खर्च झाला असेल! वसुलीच्या अनेक कडू आठवणी घरोघर आहेत. त्यांत ही एवढी एक गोड मानण्यास हरकत नसावी.

या काचेला मात्र दोन मोठे दोष होते. शंभर प्रकाशकण तीवर पडले तर त्यांतील एखाददुसऱ्याचीच नोंद होई; बाकीचे व्यर्थ जात. दुसरा दोष याहून वाईट. दुप्पट प्रकाश पडला म्हणजे डाग दुप्पट काळा होईल, असा काही नेम नसे. काच दाखवी पुष्कळ, पण हिशेबाला कच्ची.

१७ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ हे दोघे फळ्यापुढे बोलत उभे होते. त्यांना यंत्रांसाठी स्मरणकोश, म्हणजे माहिती साठविण्याचे साधन, करावयाचे होते. ताऱ्यांचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. तासाभरात त्यांनी एक आकृती काढली. सिलिकॉनच्या तुकड्यावर विद्युत्भाराच्या लहान लहान पुंजक्या एका घरातून शेजारच्या घरात सरकवीत न्यावयाच्या, एवढीच ती कल्पना. या दोघांना २००९ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या साधनाचा प्रतिमा घेण्यासाठी उपयोग करण्याचे पेटंट त्याच प्रयोगशाळेतील मायकेल टॉम्पसेट यांच्या नावे आहे, पण पारितोषिकात त्यांचे नाव नव्हते. मोठ्या ठिकाणीही असे घडते.

आता या चिपचे काम कसे चालते, ते मी माझ्या पद्धतीने सांगतो. सिलिकॉनवर प्रकाशकण पडला की त्यातील एक इलेक्ट्रॉन सुटा होतो. चिपवर अतिसूक्ष्म चौकोनी घरे आखलेली असतात. प्रत्येक घराच्या तळाशी विजेच्या दाबाने एक खळगा केलेला असतो, आणि सुटलेला इलेक्ट्रॉन त्या खळग्यात पडून राहतो. दुर्बिणीने ताऱ्याचे बिंब या घरांवर पाडले की जेथे प्रकाश अधिक तेथे खळगा अधिक भरतो. तासभर झाकण उघडे ठेवले तरी खळगे भरतच राहतात. येथवर काचेच्या पट्टीसारखेच झाले. खरी गंमत पुढे आहे. लाखो खळग्यांतील इलेक्ट्रॉन मोजावयाचे कसे? प्रत्येक घराला स्वतंत्र तार जोडणे त्या काळी शक्यच नव्हते.

येथे मला माझ्या आईची आठवण होते. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आई बंधाऱ्याच्या कामावर जात असे. दुपारी मिळणारी सुकडी ती पदरात बांधून आणी, म्हणून मीही तिच्यामागे जाई. खड्ड्यापासून बांधापर्यंत बायांची रांग उभी असे. खड्ड्यातील घमेले पहिली बाई दुसरीच्या हाती देई, दुसरी तिसरीच्या, आणि असे हातोहात ते बांधावर पोहोचे. कोणी जागा सोडावयाची नाही, कोणी दोन घमेली एकत्र करावयाची नाहीत. मुकादमाने हाक दिली की सगळ्या रांगेचे हात एकदम हलत. शेवटी उभा असलेला मनुष्य तेवढा मोजी.

सी.सी.डी. म्हणजे अशा बायांचे एक भले मोठे मैदान समजा. ओळीवर ओळी उभ्या आहेत, आणि प्रत्येकीपुढे एक रिकामे घमेले आहे. वरून प्रकाशाचा पाऊस पडतो. कोठे दोन थेंब, कोठे दोनशे. पाऊस थांबला की झाकण बंद होते. मग इशारा होतो आणि प्रत्येक ओळ आपली घमेली पुढच्या ओळीच्या हाती देते. अगदी पुढची जी ओळ, ती आपली घमेली आडवी, एकेक करून, कोपऱ्यातील मापाऱ्याकडे सरकविते. तो मापारी, म्हणजे एक इवलासा विद्युत्यंत्रभाग, प्रत्येक घमेल्याचा आकडा लिहून घेतो. ती ओळ संपली की मागची पुढे येते. कोणत्या घरातील घमेले कोणते, हे त्याच्या येण्याच्या क्रमावरूनच ठरते. चार्ज-कपल्ड हे जे इंग्रजी नाव आहे, त्याचा मतलब हाच : भार एकाने दुसऱ्याच्या हाती द्यावा, अशी जोडणी.

वर्गात मी एक गणित घालीत असे, ते येथेही घालतो. समजा चिपवर २०४८ ओळी आणि प्रत्येक ओळीत २०४८ घरे आहेत. म्हणजे एकूण ४१,९४,३०४ घरे झाली. अगदी दूरच्या कोपऱ्यातील घमेल्याला मापाऱ्यापर्यंत येण्यास सुमारे ४,०९६ हात बदलावे लागतात. प्रत्येक हाताने हजारातील एकच इलेक्ट्रॉन सांडला असे धरा. हजारात एक म्हणजे काहीच नव्हे, असे कोणालाही वाटेल. पण शेवटी मापाऱ्याच्या हाती शंभरातील दोनही उरत नाहीत! लाखात एक सांडला तर मात्र शंभरातील शहाण्णव पोहोचतात. चांगल्या वैज्ञानिक चिपमध्ये याहूनही कमी सांडते. आईच्या रांगेत सांडणारीला मुकादमाची बोलणी बसत; येथे बोलणी बसण्याइतकेही सांडत नाही.

शंभर प्रकाशकणांपैकी ऐंशी ते नव्वद पकडणारी अशी चिप हाती आल्यावर, काचेवर ज्याला तासभर लागे त्याला एकदोन मिनिटे पुरू लागली. दुर्बीण तीच राहिली आणि तिचे बळ कित्येक पटींनी वाढले. शिवाय दुप्पट प्रकाश म्हणजे दुप्पट आकडा, हिशेब चोख. १९७६ साली अमेरिकेतील ॲरिझोना येथे या साधनाने युरेनस ग्रहाचे चित्र घेण्यात आले आणि खगोलशास्त्रज्ञांचे डोळे उघडले. त्यानंतर वीस वर्षांच्या आत काचेची पट्टी मोठ्या वेधशाळांतून बहुतेक हद्दपार झाली.

एक गैरसमज येथेच दूर करतो. आपल्या खिशातील मोबाइलच्या कॅमेऱ्यात सी.सी.डी. नसते. तेथे सीमॉस नावाची स्वस्त आणि चपळ चिप असते. तीत प्रत्येक घराशी मापारी बसविलेला असतो. सोनी कंपनीने सी.सी.डी. चे उत्पादन थांबविण्याचा निर्णय २०१५ सालीच जाहीर केला. खगोलशास्त्रातही सीमॉस हळूहळू शिरत आहे. तथापि मोठ्या वेधशाळांतून अजून सी.सी.डी. चाच मान आहे. चिली देशातील रूबिन वेधशाळेने २३ जून २०२५ रोजी आपली पहिली चित्रे प्रसिद्ध केली. तिच्या कॅमेऱ्यात १८९ सी.सी.डी. एकाशेजारी एक बसविलेल्या असून त्यांची मिळून सुमारे तीनशे वीस कोटी घरे होतात.

आता मी त्या भागाकडे वळतो, जो मला या सर्वांत अधिक आवडला. आपल्याला वाटेल की चिपमधून आकडे आले म्हणजे काम झाले. वस्तुतः काम तेथून सुरू होते. कारण चिपही चुकते, आणि तिच्या चुका आधी मोजाव्या लागतात.

पहिली चूक अशी की, झाकण बंद असूनही खळग्यांत इलेक्ट्रॉन जमतात. सिलिकॉनच्या स्वतःच्या उष्णतेने ते सुटतात. प्रकाशामुळे आलेला कोणता आणि उष्णतेमुळे आलेला कोणता, हे इलेक्ट्रॉनच्या कपाळावर लिहिलेले नसते. म्हणून चिप थंड ठेवावी लागते. सहा-सात अंशांनी थंड केली की ही आपोआप होणारी भरती सुमारे निम्मी होते. मोठ्या वेधशाळांत अनेक कॅमेऱ्यांना द्रवरूप नायट्रोजन घालून चिप शून्याखाली शंभर अंशांच्या आसपास ठेवतात. तरीही जे थोडे जमते, ते जाणण्यासाठी शास्त्रज्ञ झाकण बंद ठेवून, तेवढाच वेळ थांबून, निव्वळ अंधाराचे चित्र घेतात. दुसरी चूक अशी की, सर्व घरे सारखी नसतात. काही तल्लख, काही मंद. शिवाय कोठे काचेवर धुळीचा कण बसलेला असतो. त्यासाठी संध्याकाळच्या एकसारख्या उजळ आकाशाचे किंवा घुमटातील पांढऱ्या पडद्याचे चित्र घेतात, म्हणजे कोणते घर किती कमी मोजते ते कळते. तिसरे म्हणजे, मापाऱ्याचा आरंभबिंदू शून्यावर नसतो. तोही क्षणमात्र चित्र घेऊन तपासतात.

मग सातवीच्या मुलाला येईल असे गणित करावयाचे. समजा एका घराचा आकडा आला १,२४०. त्याच घराचा अंधारातील आकडा २४०. वजा केल्यावर उरले १,०००. ते घर इतरांच्या मानाने दहात आठच मोजते असे दिसले, तर भागिले शून्य दशांश आठ. खरा आकडा १,२५०. असे एकेचाळीस लक्ष घरांचे करावयाचे. हे काम आता संगणक करतो, पण पद्धत हीच.

बंधाऱ्याच्या कामावर खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच राखून ठेवीत. सगळी माती बांधावर गेली तरी तो खांब उभा असे, आणि मोजणीच्या दिवशी त्याच्या उंचीवरून खड्डा किती खोल गेला ते ठरे. एकदा कोणी तरी रात्रीतून त्या खांबाच्या माथ्यावर चार टोपली माती थापली, म्हणजे खोली अधिक भरावी. आईला ते कळले. तिने इतर बायांशी भांडून ती माती काढावयास लावली. आठवड्याची मजुरी त्यामुळे कमी आली; घरात आम्ही पाच तोंडे होतो. त्या वेळी मला आईचा राग आला होता. अंधाराचे चित्र का घेतात, हे एका तरुण संशोधकाने मला समजावून सांगितले, तेव्हा मला तो खांब आठवला, आणि पुढचे काही मिनिटे त्या बिचाऱ्याचे बोलणे माझ्या कानांत शिरले नाही.

तो संशोधक मला पुण्यास आयुकात भेटला. आयुका, म्हणजे आंतर-विद्यापीठ खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर हे तिचे संस्थापक-संचालक. २० मे २०२५ रोजी ते पुण्यात निवर्तले. राष्ट्रीय विज्ञानदिनी, २८ फेब्रुवारीस, ही संस्था सर्वांसाठी खुली असते. निवृत्तीपूर्वी एकदा मी शाळेतील बावीस मुले घेऊन तेथे गेलो होतो. एका पोराने त्या संशोधकास विचारले, “हे यंत्र फोटो काढते का?” तो हसून म्हणाला, “नाही रे, हे आकडे लिहिते. फोटो आपण त्यातून करतो.” आणि त्याने एका ताऱ्याच्या भोवतालच्या घरांचे आकडे कागदावर छापलेले दाखविले. मधोमध मोठे आकडे, कडेला लहान होत गेलेले. आमची पोरे त्या कागदावर बोट फिरवून तारा कोठे आहे ते शोधीत राहिली.

आयुकाची स्वतःची दुर्बीण पुण्याहून सुमारे ८० किलोमीटरवर, गिरवली गावाजवळच्या डोंगरावर आहे. तिच्या आरशाचा व्यास दोन मीटर. २००६ साली ती संशोधकांच्या सेवेस रुजू झाली. तिच्यावरील मुख्य कॅमेऱ्यात मी मघाशी सांगितली तेवढ्याच, म्हणजे २०४८ गुणिले २०४८ घरांची सी.सी.डी. आहे. पुणे शहरात सर्व सोयी हाताशी असताना ही मंडळी इतक्या दूर डोंगरावर का गेली? अंधारासाठी. शहराच्या दिव्यांचा उजेड धुळीवर आणि बाष्पावर आदळून आकाशातच पसरतो, आणि तो चिपच्या प्रत्येक घरात ताऱ्याच्या प्रकाशाबरोबर जमतो. तो वजा करता येतो, हे खरे. पण मोठ्या गोंगाटातून कुजबूज वजा करून काढण्यासारखे ते आहे. गोंगाट वाढला की कुजबूज हरवते, आणि मग कितीही उत्तम चिप आणली तरी उपयोग होत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ॲस्ट्रोसॅट या उपग्रहासाठी क्ष-किरणांची दुर्बीण केली. २८ सप्टेंबर २०१५ रोजी तो उपग्रह अवकाशात गेला. तिच्यातही सी.सी.डी. च आहे. क्ष-किरणाचा एकच कण शेकडो इलेक्ट्रॉन सोडवितो. ते मोजले की तो कण किती जोराचा होता हेही कळते.

परंतु ज्याचा आपणांस विशेष अभिमान वाटावा असे काम सूर्याचे आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल १ हे यान निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे पंधरा लक्ष किलोमीटरवरील आपल्या जागी पोहोचले. त्यावर सूट नावाची जी दुर्बीण आहे, ती इस्रोच्या सहकार्याने पुण्याच्या आयुकात घडली. दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश हे तिचे प्रमुख. सूर्याचे अतिनील किरण ती पाहते. यांतील पुष्कळ किरण ओझोनच्या थरात अडतात, ते जमिनीवर येतच नाहीत. आणि येत नाहीत म्हणून आपण जिवंत आहोत. सबब ते पाहावयाचे तर वातावरणाबाहेर जाणे भाग. या दुर्बिणीत ४०९६ गुणिले ४०९६ घरांची सी.सी.डी. आहे, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लक्ष सत्याहत्तर हजार दोनशे सोळा घरे. ती शून्याखाली सुमारे ५५ अंशांवर ठेवलेली असते. तिच्या एका घरात सूर्याच्या पृष्ठभागाचा सुमारे पाचशे किलोमीटर लांबीरुंदीचा तुकडा मावतो. चिपला स्वतः रंग कळत नाहीत. म्हणून तिच्यापुढे अकरा गाळण्या आळीपाळीने आणतात. ६ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे यान वाटेत असतानाच, तिने पूर्ण सूर्यबिंबाची पहिली चित्रे घेतली. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी सूर्यावर एक प्रचंड स्फोट झाला, तोही तिने टिपला.

याचा आम्हांस काय उपयोग, असे कोणी विचारील. विचारावेच. सूर्यावरील असे स्फोट पृथ्वीकडे वळले तर उपग्रह, संदेशवहन आणि वीजवाहिन्या यांना उपद्रव होतो. १० आणि ११ मे २०२४ च्या रात्री असे मोठे सौरवादळ आले, तेव्हा लडाखमधील हानले येथे आकाश तांबडे झाले होते. वादळाची चाहूल लागावी म्हणून सूर्यावर पहारा हवा. एवढे उत्तर व्यवहारी माणसास पुरावे. माझ्या नातीला मात्र ते पुरले नाही. तिला देवयानी दिसावयास हवी होती.

तिला सी.सी.डी. देणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु तिच्या डोळ्यांपुरता अंधार देणे या सभागृहाच्या आवाक्यात आहे. आपल्या वाडवडिलांना रात्री पाणी धरताना तिकांडे किती कासरे वर आले यावरून वेळ कळत असे. ऊसतोडीच्या गाड्या पहाटेची चांदणी पाहून जुंपीत. आज आपल्या सत्कार झालेल्या मुलांपैकी किती जणांनी तिकांडे ओळखले असते, हे मी विचारीत नाही. त्यांना लाजविण्याचा माझा हेतू नाही. ते दिसलेच नाही, तर ओळखणार कसे?

दिवा काढून टाका, असे मी म्हणत नाही. रात्री गाडीतून उतरणाऱ्या बाईला पायाखालची जमीन दिसली पाहिजे, हा तिचा हक्क देवयानीच्या आधीचा आहे. दिव्याचे दाते समोर बसले आहेत. त्यांच्या औदार्याचा अनादर होऊ नये म्हणून मी काल त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतले, आणि “गुरुजी, सभेत मांडा” एवढेच म्हणाले. मग मी विजेच्या मिस्त्रीसह खांबाखाली उभा राहून पाहिले. दिव्यांची तोंडे तिरपी बसविलेली आहेत. बराचसा उजेड शेजारच्या माळवदांवर आणि वर आकाशात जातो. ती तोंडे खाली वळवून वर पत्र्याची टोपी बसविली, तर मैदानात उजेड आज आहे त्याहून कमी पडणार नाही, असे मिस्त्रीचे म्हणणे पडले. खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. मंडळाने फक्त परवानगी द्यावी. दुसरी विनंती एवढीच की, गाड्या यावयाच्या नसतील अशा अमावास्येस रात्री नऊ ते अकरा हा दिवा मालवावा. तसा लेखी अर्ज मी आज चिटणीसांच्या हाती दिला आहे, आणि तो पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याचे अध्यक्षमहाराजांनी मान्य केले आहे.

मार्गशीर्षी अमावास्येस मी या मैदानात येऊन बसणार आहे. माझ्यापाशी एक साधी दुर्बीण आहे आणि हातविजेरीला बांधण्यास लाल कागद आहे, म्हणजे डोळे दिपत नाहीत. अंधाराला डोळे सरावण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात, तेव्हा लवकर यावे. थंडी असेल, मुलांना घोंगडी किंवा चादर घेऊन पाठवावे, आणि मोबाइल घरी ठेवावा.